रिकोच्या ट्रॉम्बोनसाठी घ्यावी अशी एलपी : ‘द स्पेशल्स’

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या ‘द स्पेशल्स’ या बँडची पहिली एलपी ऑक्टोबर १९७९ मध्ये आली. तिची नव्याने छापलेली प्रत मी मागवली ती पहिल्याच गाण्यातल्या ट्रॉम्बोनसाठी. मी ठाण्याचा, चेंदणी कोळीवाड्यातला. वागळे इस्टेटमधली नोकरी सांभाळून ब्रास बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. हळदी, वराती, साखरपुडे, शिमगा, नारळी पौर्णिमेची मिरवणूक हे आमचं वर्ष. त्यामुळे हे परीक्षण पितळ फुंकणाऱ्या माणसाच्या कानाने केलेलं आहे. या बँडच्या गायकांबद्दल, त्यांच्या सुटांबद्दल आणि नाचाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला त्यांच्या बाजूला उभं राहून वाजवणाऱ्या वयस्क माणसाबद्दल लिहायचंय.

त्याचं नाव रिको रॉड्रिग्ज. जन्म १९३४ चा, क्युबातल्या हवानाचा. वाढला जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्ये. ‘अ मेसेज टू यू रूडी’ हे गाणं मुळात डँडी लिव्हिंगस्टनचं, १९६७ चं. त्या मूळ रेकॉर्डवरही ट्रॉम्बोन रिकोचाच. बारा वर्षांनी कॉव्हेंट्रीची पोरं तेच गाणं करायला बसली तेव्हा त्यांनी रिकोसारखं वाजवणारा कुणी शोधला नाही, खुद्द रिकोला बोलावलं. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐका. स्वर लागायच्या आधी फुंक ऐकू येते, किंचित खरखरीत. मग स्वर येतो तो सावकाश, आणि सोडताना स्लाइड जराशी खाली घसरते. जोर लावलाय असं कुठेच वाटत नाही. डिक कथेलच्या हॉर्नबरोबर तो जी छोटी ओळ वाजवतो ती आमच्या बँडमधला नवशिका मुलगाही एका बैठकीत बसवेल, इतकी साधी. पण रिकोसारखी ती सुटत नाही. माझाही ट्रॉम्बोन स्लाइडचाच आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो.

प्रतीबद्दल थोडं. मला तीन हजारांच्या आतबाहेर पैसे पडले. पार्सलवाल्यांनी कव्हरचा एक कोपरा दुमडून आणला, तबकडी मात्र धड होती. कव्हरवर वरून काढलेला काळा-पांढरा फोटो आहे, सात पोरं मान वर करून बघताहेत. सातांतले दोघे, लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल, जमैकात जन्मलेले. बाकीचे पाच गोरे. रेकॉर्ड काढणाऱ्या लेबलचं नाव टू-टोन. काळा सूट, पांढरा शर्ट आणि काळी टाय घातलेला, त्या लेबलच्या चित्रातला माणूस कीबोर्ड वाजवणाऱ्या जेरी डॅमर्सच्या डोक्यातून आला. त्यासाठी त्याने ‘द वेलिंग वेलर्स’ या १९६५ च्या जमैकन एलपीवरचा गायक पीटर टॉशचा फोटो समोर ठेवला होता. आपण कुणाकडून घेतलंय हे या पोरांनी चित्रातही सांगून ठेवलंय, ही गोष्ट मला फार आवडली.

आता ठेका, कारण ही पोरं वाजवतात त्या स्का नावाच्या जमैकन संगीताचा जीव तिथे आहे. चार मात्रा धरा आणि आमचे मास्तर मोजायला लावायचे तसं मोजा : एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. आकड्यांवर बेस चालत राहतो. गिटार आणि पियानो आकड्यावर गप्प, ‘आणि’वर मात्र छोटा, मध्येच कापलेला फटका. ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पायाला आकडा मिळतो, खांद्याला ‘आणि’ मिळतो, म्हणून माणूस जागच्या जागीही हलायला लागतो.

याचं मूळ अमेरिकेतलं. पन्नासच्या दशकात मायामी, न्यू ऑर्लिन्सची रेडिओ स्टेशनं जमैकात ऐकू यायची. फॅट्स डॉमिनो, रॉस्को गॉर्डन यांचा शफल नावाचा डुलता ठेका तिथल्या लोकांच्या अंगात मुरला. गिटारिस्ट अर्नेस्ट रँगलिन, बेस वाजवणारा क्लू जे अशा वादकांनी त्यातला मागे पडणारा ठोका पुढे आणला. थिओफिलस बेकफर्डचं १९५९ मध्ये बाजारात आलेलं ‘ईझी स्नॅपिंग’ ऐकलं की हा बदल होताना ऐकू येतो. आमच्या साइड ड्रमवाल्याला मी आधी ‘द स्पेशल्स’ ऐकवलं, तर त्याचा हात बसेना. कोळी ठेका सहाचा, झुलता. हा सरळ चारचा. मग ‘ईझी स्नॅपिंग’ लावलं आणि त्याचा चेहराच बदलला. जुन्या स्कामध्ये प्रत्येक मात्रेच्या पोटात तीनचं झुलणं शिल्लक आहे. ते सापडलं आणि त्याने काठ्या उचलून थेट वाजवायलाच घेतलं. कोळी बँडच्या माणसाने स्काकडे जायचं तर वाट इथून आहे. १९७९ च्या रेकॉर्डवरून उलटं मागे जाण्यापेक्षा ती कितीतरी सोपी आहे.

किंग्स्टनमध्ये ही गाणी तयार झाली ती साउंडवाल्यांमुळे. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड, प्रिन्स बस्टर हे तिथले मोठे साउंडवाले. मोकळ्या मैदानात कपाटाएवढे स्पीकर लावायचे, तिकीट काढून लोक नाचायचे आणि कुणाकडे न ऐकलेली रेकॉर्ड आहे यावरून गर्दी इकडची तिकडे व्हायची. अमेरिकेतून आणलेल्या चांगल्या रेकॉर्डचं लेबल खरवडून टाकायचे, म्हणजे शेजारच्या साउंडवाल्याला नाव कळायला नको. पुढे अमेरिकेत रॉक अँड रोल आला आणि यांना हवी तशी गाणी तिकडून येईनाशी झाली. तेव्हा यांनी स्वतःच गाणी करायला घेतली. कॉक्सनने १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन उघडला.

ठाण्यात राहणाऱ्याला साउंड म्हणजे काय हे सांगायला नको. दहीहंडीला आणि विसर्जनाला आम्ही भिंती हादरताना पाहिल्यात. पण इथे आणि तिथे एक मोठा फरक आहे, आणि तो मला टोचतो. किंग्स्टनच्या साउंडवाल्याला रोज नवी रेकॉर्ड हवी होती, म्हणून त्याने ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोनवाल्यांना बोलावून काम दिलं. आमच्याकडे साउंड आला आणि पितळाचं काम गेलं. हळदीला डीजे, वरातीला डीजे, बँड बोलावला तरी मिरवणुकीपुरता, आणि त्यातही कुणीतरी येऊन सांगणार, “मास्टर, अजून जोरात!” जोरात वाजवून वाजवून आमच्या चांगल्या वादकांचे ओठ गेले. जी यंत्रं आम्हाला बाजूला सारतात त्यांनीच जमैकात हॉर्नवाल्यांची एक अख्खी पिढी उभी केली, हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

आणि ती पिढी आली कुठून? अल्फा बॉइज स्कूलमधून. कॅथलिक नन्सनी चालवलेली, १८८० पासूनची शाळा. गरीब घरची, अनाथ, हाताबाहेर गेलेली म्हणून पाठवलेली मुलं तिथे शिवणकाम, छपाई असे धंदे शिकायची, आणि बँडही शिकायची. सिस्टर मेरी इग्नेशियस या ननबाईंकडे रेकॉर्डचा मोठा साठा होता आणि त्या स्वतः साउंड लावून मुलांना ऐकवायच्या. पुढे ‘द स्कटलाइट्स’ या बँडमध्ये एकत्र आलेले टॉमी मॅकुक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग आणि डॉन ड्रमंड हे चौघेही या शाळेचे. रिकोही तिथलाच, आणि त्याला ट्रॉम्बोन शिकवला तो त्याच्यापेक्षा मोठ्या असलेल्या ड्रमंडने. कोळीवाड्यात आम्हीही असंच शिकलो. कॉलेज नाही, परीक्षा नाही. चर्चच्या बँडमध्ये घडलेल्या एका ईस्ट इंडियन मास्तरांनी कागदावर नोटेशन काढून दिलं आणि वरच्या मुलाने खालच्याला बोट धरून बसवलं. शिकवण्याची ही पद्धत किती लांब पोहोचू शकते हे बघायचं असेल तर ड्रमंड, रिको आणि ही एलपी अशी साखळी डोळ्यांसमोर ठेवा.

‘द स्कटलाइट्स’ १९६४ मध्ये जमले आणि पुढच्याच वर्षी फुटले. तेवढ्या काळात त्यांनी स्वतःच्या धुनी तर वाजवल्याच, शिवाय स्टुडिओत येणाऱ्या जवळपास प्रत्येक गायकामागे साथ केली. त्यांची ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ ही सिनेमाची धून आहे, हॉलिवूडच्या युद्धपटाची. सिनेमाची धून उचलून ती आपल्या ठेक्यावर बसवणं हे तर आम्हा बँडवाल्यांचं रोजचं काम. त्यांनी ती अशी बसवली की १९६७ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत जाऊन पोहोचली. ड्रमंडच्या स्वतःच्या धुनी मात्र वेगळ्या. ‘ईस्टर्न स्टँडर्ड टाइम’ ऐका. ठेका नाचायचा आणि वर ट्रॉम्बोन असा की कुणीतरी मान खाली घालून चाललंय. वरातीच्या वाद्यात एवढं दुःख मावतं हे मला त्या धुनेने दाखवलं.

ड्रमंडचं पुढे जे झालं ते लपवून त्याचं कौतुक करता येणार नाही. १९६५ च्या पहिल्या दिवसांत त्याने त्याच्यासोबत राहणाऱ्या अनीता महफूद या नर्तिकेचा खून केला. तो मनाने आजारी होता. १९६९ मध्ये किंग्स्टनच्या मनोरुग्णालयात वारला. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट ‘थोर कलावंताची शोकांतिका’ म्हणून लिहिलेली सापडते. जीव तिचा गेला. ती स्वतःही गायची, ‘वुमन अ कम’ हे गाणं तिच्या आवाजात आहे. ड्रमंड ऐकणाऱ्याने तेही ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

या गाण्यांनी समाजात काय केलं, ते गाण्यांच्याच तोंडून ऐकावं. १९६० च्या सुमारास प्रिन्स बस्टरने ‘ओ कॅरोलिना’ या गाण्यासाठी काउंट ऑसीचे, जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे ढोलवाले आणले. रास्ताफारींना तेव्हा प्रतिष्ठित लोक दारातही उभं करत नव्हते. त्यांचे ढोल रेकॉर्डवर गेले आणि घराघरांत वाजले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला, तेव्हा डेरिक मॉर्गनचं ‘फॉरवर्ड मार्च’ रस्त्यारस्त्यांत होतं. स्वातंत्र्याचा आनंद ओसरायला वेळ लागला नाही. गावं सोडून किंग्स्टनला आलेल्या पोरांना काम नव्हतं. हातात चाकू, अंगात रग, डोळ्यांसमोर सिनेमातले गुंड. लोक त्यांना रूड बॉय म्हणायचे. ‘द वेलर्स’चं १९६४ मधलं ‘सिमर डाउन’ त्यांना सांगतं, जरा थंड घ्या. मागे साथीला ‘द स्कटलाइट्स’, आणि गाणारा बॉब मार्ली तेव्हा विशीच्या आतला, त्या पोरांच्याच वस्तीतला. प्रिन्स बस्टरने १९६७ मध्ये ‘जज ड्रेड’ काढलं. त्यातला न्यायाधीश रूड बॉयला चारशे वर्षांची सजा ठोठावतो. त्याच वर्षी डँडी लिव्हिंगस्टनने आपल्या रूडीला आवाज न चढवता समजावलं : भटकणं पुरे, पुढचा विचार कर, नाहीतर तुरुंगात जाशील. तोवर गाण्यांची गती उतरून रॉकस्टेडी नावाची संथ चाल आली होती, तेव्हा शुद्ध हिशेबाने हे गाणं स्का नव्हे. मला त्या वादात पडायचं नाही. मोठ्या भावाने खांद्यावर हात ठेवून बोलावं तसं ते गाणं आहे, आणि तो हात म्हणजे रिकोचा ट्रॉम्बोन.

जमैकन गायिका मिली स्मॉलचं १९६४ चं ‘माय बॉय लॉलिपॉप’ सगळ्यांना माहीत असतं. रँगलिनने बांधलेलं हे गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि या ठेक्याला जग ओळखू लागलं. गोड आहे, पण मी त्याकडे फारसा परत जात नाही.

जमैकातून कामासाठी ब्रिटनला गेलेल्या कुटुंबांबरोबर या रेकॉर्ड तिथल्या गल्ल्यांत पोहोचल्या, रिको १९६१ मध्येच तिकडे गेलेला. १९७९ चं कॉव्हेंट्री म्हणजे मोटारींचे कारखाने आक्रसत चाललेलं शहर. नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाचे लोक काळ्या आणि आशियाई लोकांना हाकलायच्या घोषणा देत होते. अशा वेळी काळी-गोरी पोरं एका मंचावर येऊन जमैकाची जुनी गाणी पंकच्या वेगाने वाजवतात आणि खाली मारामारी सुरू झाली की वाजवणं थांबवतात. एल्व्हिस कॉस्टेलोने निर्माता म्हणून हे फार साफसूफ न करता, खोलीत वाजतंय तसं ठेवलंय. कोपरखैरण्याच्या माझ्या भाच्याकडे टर्नटेबल आहे, तिथे मी ही एलपी ऐकतो. तो म्हणाला, “मामा, आवाज जरा पातळ नाही वाटत?” आहे पातळ, बेसचं वजन हवं तेवढं नाही. पण ड्रम आणि गिटार यांच्या मधली हवा ऐकू येते, आणि ती मला जास्त मोलाची वाटते.

पहिली बाजू बळकट. ‘डझंट मेक इट ऑलराइट’ हे या एलपीवरचं माझ्या मते सगळ्यात मोठं गाणं. कातडीच्या रंगावरून कुणाला मारणं बरोबर ठरत नाही, एवढंच ते म्हणतं. बँडचा गायक टेरी हॉल ते जवळजवळ सपाट आवाजात गातो, रडत नाही, ओरडत नाही, म्हणून ते आत जातं. लगेच मागे ‘काँक्रीट जंगल’, रस्त्यावर पाठलाग होणाऱ्या पोराची भीती. दुसऱ्या बाजूला टूट्स अँड द मेटल्सचं ‘मंकी मॅन’ दणक्यात आहे. शेवटी ‘यू आर वंडरिंग नाऊ’ येतं, मूळ अँडी अँड जोईचं. मैफल आटोपताना वाजवावं असं.

पण सगळंच कौतुकाचं नाही. ‘लिटल बिच’ मला ऐकवत नाही, नावापासूनच पोरीचा अपमान आहे. ‘टू मच टू यंग’ तर गाजलेलं, त्याची मैफलीतली आवृत्ती १९८० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. लवकर आई झालेल्या मुलीला त्यात जे खडे बोल ऐकवलेत, त्यातला एकही शब्द बापासाठी नाही. रूडीशी जो समजूतदारपणा दाखवला तो या मुलीच्या वाट्याला का आला नाही, हा प्रश्न मला ही एलपी ऐकताना दर वेळी पडतो.

एलपीबरोबर ‘घोस्ट टाऊन’ ऐकायलाच हवं. ते यात नाही, वेगळं निघालं, जून १९८१ मध्ये. बंद पडलेले क्लब, नोकऱ्या नाहीत, तरुण एकमेकांवर चिडलेले. ते पहिल्या क्रमांकावर असतानाच जुलैत ब्रिटनच्या शहराशहरांत दंगली पेटल्या होत्या. पितळ त्यात भेसूर वाजतं आणि मध्येच रिकोचा ट्रॉम्बोन एकटा पुढे येतो. रेकॉर्डच्या मागे गोल्डिंगचं ‘व्हाय?’ आहे. त्याच्यावर वंशद्वेषातून हल्ला झाला होता, आणि तो मारणाऱ्यांनाच विचारतो, का? जेरी डॅमर्सने पुढे १९८४ मध्ये ‘नेल्सन मंडेला’ केलं, तेही याच वाटेवरचं. नंतर हा ठेका टोकियोपासून मेक्सिकोपर्यंत पसरला. आपल्याकडे दिल्लीच्या ‘द स्का व्हेंजर्स’नी तो नेटाने वाजवलाय.

आमच्या तालमीच्या खोलीत आम्ही रूडीची ओळ बसवली. भाच्याने विचारलं, “मामा, यात ट्रॉम्बोन पुढे कसा? आपल्याकडे तर ट्रंपेटच पुढे असतो.” मी सगळ्यांना अर्ध्या आवाजात वाजवायला सांगितलं. कितीतरी वर्षांनी आमचा क्लॅरिनेट मला नीट ऐकू आला. नारळी पौर्णिमेला खाडीकडे निघण्याआधी, मिरवणूक उभी असताना, हे वाजवायचं ठरलंय. लोक नाचतील की नाही हे तेव्हा कळेल.

घेणाऱ्यांसाठी : ब्रिटिश आवृत्ती चौदा गाण्यांची, ‘गँगस्टर्स’ हे त्यांचं पहिलं गाणं त्यात नाही, अमेरिकन आवृत्तीत आहे, तेव्हा मागवताना मागची यादी वाचा. टर्नटेबल नसेल तर फक्त यासाठी घेऊ नका, फोनवर सगळं मिळतं. पण मग आधी ‘ईझी स्नॅपिंग’, ‘ईस्टर्न स्टँडर्ड टाइम’, ‘सिमर डाउन’ आणि डँडी लिव्हिंगस्टनचं रूडी असं ऐकून या एलपीकडे या. आणि कुणाला रिकोची स्वतःची ‘मॅन फ्रॉम वारेका’, १९७७ ची, ठाण्या-मुंबईत जुन्या रेकॉर्डवाल्याकडे दिसली तर खाली लिहा. मी त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन.